तिसऱ्या क्रँकपिनचं माप

जहाजांची इंजिनं तपासून 'चालेल' किंवा 'बदला' असं सांगणं हा माझा धंदा आहे. सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात एसीत बसून मी हे सांगतो आणि दूर समुद्रात घामानं निथळणारे इंजिनिअर ते ऐकतात. माझ्या शब्दावर आजवर पुष्कळ लोखंड भंगारात गेलं आणि त्यापायी माझं जेवणखाण कधी चुकलं नाही. एका इंजिनाबद्दल मात्र मला अजून तोंड लपवावंसं वाटतं. ते जहाजाचं नव्हतंच. ते एका जुन्या डिझेल जीपचं होतं, आणि जीप आमच्या सरांची होती.

सर म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली बोटीवरचं काम शिकलो ते चीफ इंजिनिअर. मूळचे गुहागरकडचे. बोटी सोडल्यावर ते सिंगापूरलाच राहिले. बेडोकला त्यांचा फ्लॅट आहे, तिथे ते आणि काकू दोघंच असतात, मुलगा मेलबर्नला. आपल्या माणसांच्या बोटींवर चीफ इंजिनिअरला बडासाब म्हणतात आणि फोर्थ इंजिनिअरला चारसाब. मी त्यांच्याकडे फोर्थ होतो. त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली, मी स्वतः बडासाब होऊन किनाऱ्याला लागलो, टक्कल पडलं, तरी फोनवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काय चारसाब, आहेस का मोकळा?" आणि मी मोकळा नसलो तरी म्हणणार, "हो सर, बोला ना."

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई नेहमी म्हणायची. मला ते कळायला पन्नाशी उजाडली.

मी फोर्थ असतानाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. वॉचमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, दर तासाला बेअरिंगची तापमानं बघून वहीत लिहायची असतात. एकदा मी खाली न जाता मागच्या तासाचेच आकडे जरा इकडेतिकडे करून लिहून टाकले. सरांनी वही पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाले, "चल." मग आम्ही दोघांनी एकूण एक तापमान पुन्हा घेतलं. मी आकडा मोठ्यानं सांगायचा, त्यांनी तोच परत उच्चारायचा, मी 'हो' म्हणायचं आणि मग तो कागदावर जायचा. ही बोटीवरची जुनी रीत. ते ओरडले नाहीत, कॅप्टनलाही काही सांगितलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मी जिथे नसतो तिथे माझे डोळे तू असतोस. मला बरं वाटावं म्हणून आकडा कधी बदलू नकोस." त्यानंतर मी त्यांना एकही खोटा आकडा दिला नाही. निदान बोटीवर तरी नाही.

आता जीप. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचं आयुष्य. त्यापुढे ठेवायची असेल तर सरकारकडून परवाना नव्यानं घ्यावा लागतो आणि शहाणी माणसं त्या फंदात पडत नाहीत. सर दोनदा पडले. जीप चौकोनी, फिकट हिरवी, वर चढायला काकूंना स्टूल लागायचं. महिन्यातून एकदा ते तिला तुआसच्या पुलावरून मलेशियात न्यायचे आणि पामच्या मळ्यांमधल्या चिखलाच्या वाटांवर दिवसभर हिंडवायचे. मी तीन-चारदा गेलो असेन. पाण्याच्या ओढ्यात गाडी घालण्याआधी सर खिडकीबाहेर हात काढून दारावर तळवा ठेवायचे आणि इंजिनाची थरथर हाताला कशी लागते ते बघायचे. मग मागे वळून म्हणायचे, "जाते." आणि ती जायची. काकू मागच्या सीटवर थालीपिठांचा डबा पोटाशी धरून डोळे मिटून बसलेल्या असायच्या.

गेल्या वर्षी त्या इंजिनाचं ऑइल प्रेशर पडायला लागलं आणि खालून ठोक्याचा आवाज यायला लागला. काकी बुकिट भागातल्या ज्या गॅरेजात सरांची गाडी वर्षानुवर्षं जात होती, तिथल्या मालकाला सगळे नुसतं बॉस म्हणतात. बॉसनं आवाज ऐकला, सिगारेट विझवली आणि निकाल दिला.

"अंकल, रिबिल्ड फॉर व्हॉट? हाफ-कट इंजिन पुट इन, वन वीक, सेटल. यू रिबिल्ड, थ्री मंथ ऑल्सो कॅनॉट फिनिश."

हाफ-कट म्हणजे जपानमधल्या जुन्या गाड्यांचा मधून कापलेला पुढचा अर्धा भाग, इंजिनासकट. तो जहाजानं इकडे येतो आणि इथल्या गाड्यांत त्यातली इंजिनं बसतात. बॉसचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. माझ्या ऑफिसात मीही तेच म्हणालो असतो.

सरांनी मान हलवली. "दिस इंजिन आय नो, बॉस. यू गिव्ह मी वन कॉर्नर ओन्ली. आय अँड दिस बॉय, वी टू विल डू." 'बॉय' म्हणजे मी. पुढे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "शनिवारी तुला सुट्टीच असते ना?"

मी म्हणालो, "हो सर, त्यात काय."

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "किती शनिवार?" मी म्हटलं, चार-पाच. ती म्हणाली, "म्हणजे दहा. तुला नाही म्हणता येत नाही, आणि निस्तरायचं आम्ही." आमची मुलगी सोळा वर्षांची. शनिवारी दुपारी सेरंगूनच्या हॉलमध्ये ती बॅडमिंटन खेळते आणि मी तिच्याबरोबर खेळेन असं जानेवारीपासून सांगत आलो होतो. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा. यू ऑलवेज लाइक दॅट वन, लाह." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. हे सगळं मी का सांगतोय ते मला नीट ठाऊक आहे. गुन्हा करणारा माणूस आधी आपली कारणं मांडून घेतो.

इंजिन उतरवून सुटं करण्यात पाच शनिवार गेले. गॅरेजच्या कोपऱ्यात एक पंखा, एक लोखंडी टेबल आणि सरांची पत्र्याची पेटी. सर प्रत्येक नट काढून डिझेलमध्ये धुवायचे, फडक्यावर ओळीनं मांडायचे आणि त्याला जणू नाव विचारायचे. घाई म्हणून नाही. बारा वाजता काकूंचा डबा, मग बाजूच्या हॉकर सेंटरमधल्या ठेल्यावरून कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायची, मग पुन्हा काम. सर खुशीत होते. बोटीवरच्या गोष्टी सांगत होते, त्यातल्या निम्म्या मी स्वतः पाहिलेल्या. मी घड्याळ बघायचो. एका शनिवारी मी बोल्ट सोडवता सोडवता मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. ज्या माणसानं मला पोटाला लावलं त्याला. हेही सांगून टाकतो.

सहाव्या शनिवारी मापं घ्यायची होती. सगळं त्यावरच ठरणार होतं.

क्रँकशाफ्ट हा इंजिनाचा कणा. पिस्टनचे दांडे त्याच्या ज्या गोल भागांना धरून असतात त्या क्रँकपिना. वर्षानुवर्षं मार खाऊन त्या झिजतात आणि त्यांचा गोल अंड्यासारखा होतो. झिजलेली पिन घासून पुन्हा गोल करता येते, पण ठरावीक वेळाच. हा क्रँकशाफ्ट आधीच शेवटच्या मापापर्यंत घासून झालेला होता आणि त्या मॉडेलचा नवा क्रँकशाफ्ट आता कुठे मिळत नव्हता. तेव्हा गोष्ट सरळ होती. पिनीच्या उभ्या आणि आडव्या मापातला फरक मिलिमीटरच्या तीन शतांशांच्या आत असेल, तर नवी बेअरिंगं घालून इंजिन पुन्हा उभं राहणार. त्याच्यावर गेला, तर इंजिन भंगार, आणि बॉसचा हाफ-कट.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. लांबचं त्यांना लख्ख दिसायचं, गाडी चालवण्याची डॉक्टरी तपासणी ते दरवेळी सहज पास व्हायचे. पण जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरच्या त्या बारीक रेघा त्यांना चष्म्यातूनही एकमेकींत मिसळलेल्या दिसायच्या. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं होतं. माप लावायचं सरांनी, कारण मायक्रोमीटर किती आवळायचा हे हाताचं काम आहे आणि तो हात त्यांचा होता. वाचायचं मी. लिहायचं त्यांनी, वहीत, जाड काळ्या पेनानं, भल्यामोठ्या अक्षरात.

पहिल्या पिनीचा फरक एक शतांश. दुसरीचा दीड. तिसऱ्या पिनीला सरांनी उभं माप लावलं, मी वाचलं. मग त्यांनी मायक्रोमीटर तसाच ठेवून पिनीवर आडवा फिरवला. पिन गोल असली तर तो तेवढाच घट्ट लागतो, झिजलेली असली तर सैल. सर डोळे मिटून फिरवत होते. "दोन," ते म्हणाले आणि आडव्या मापावर तो आवळून माझ्यापुढे धरला. "फार तर दोन. वाच."

मी वाचलं. दोनच होते.

इथे मला माझ्या मनात नेमकं काय झालं ते सांगता यायला हवं, पण तिथे फार काही झालंच नाही. मुलगी आठवली असती तर बरं झालं असतं. मला आठवलं ते एवढंच की दोन म्हटलं की अजून तीन महिने इथे यायचं आहे. पाठ दुखत होती. पंख्याचा वारा गरम होता.

"पाच," मी म्हणालो.

सरांनी डोळे उघडले. "पाच?"

"पाच, सर."

"हाताला दोन वाटलं रे मला." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग फडक्यानं पिन पुसली, मायक्रोमीटर पुसला. "परत घेऊ." पुन्हा उभं, पुन्हा आडवं, पुन्हा डोळे मिटून. यावेळी त्यांनी आधी आकडा सांगितला नाही. मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हाही मला परत फिरता आलं असतं. 'चुकलो सर, दोनच आहेत' एवढंच म्हणायचं होतं. लहान मुलालाही जमलं असतं.

"पाचच," मी म्हणालो.

"पाच," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी लिहिलं. चौथी पिन त्यांनी घेतलीच नाही. पेनाला टोपण लावलं आणि बॉसला हाक मारून म्हणाले, "ओके बॉस. हाफ-कट." बॉस खूश झाला, मी सुंठीवाचून खोकला गेल्याच्या आनंदात साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. परतताना गाडीत सर म्हणाले, "बरं झालं तू होतास. मी एकटा असतो तर दोन धरून बसवलं असतं, आणि मलेशियात कुठेतरी इंजिन फुटलं असतं. काकू नेहमी बरोबर असते."

मी म्हणालो, "असू दे सर."

पुढचा शनिवार माझा होता. मी बॅडमिंटनला गेलो नाही. दुपारी बारापर्यंत झोपलो आणि उठून पोहे खाल्ले.

आठवड्यानं भंगारवाल्याची लॉरी यायची होती. सरांनी फोन केला म्हणून गेलो. ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, सगळं टेबलापाशी मांडून ठेवलेलं. क्रँकशाफ्टला त्यांनी तेल लावून ठेवलं होतं, भंगारात जाणाऱ्या वस्तूला. लॉरीवाला पाठीमागून हॉर्न वाजवत होता.

सर म्हणाले, "चारसाब, जायच्या आधी तिसरी पिन एकदा शेवटची बघू का? उगाच मनात राहतं."

मी म्हणालो, "सर, तो थांबलाय लॉरीवाला."

"हो, ते पण खरं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

त्या दोन माणसांनी क्रँकशाफ्ट उचलून मागे फेकला. फेकलाच. पहिला खोटा आकडा मी आळसानं सांगितला असं एक वेळ म्हणता येईल. लॉरीवाल्याचं निमित्त मात्र मी विचार करून पुढे केलं. त्याला माझ्याकडे कसलीच सबब नाही.

नवं इंजिन बसलं, त्याच्या नंबरची सरकारी तपासणी झाली, कागद आले. पहिल्या दिवशी आम्ही तिघं ईस्ट कोस्टला चक्कर मारून आलो. बॉसनं बसवलेलं इंजिन खरोखर उत्तम होतं. आवाज नाही, धूर नाही. काकू म्हणाल्या, "अगदी टॅक्सीत बसल्यासारखं वाटतंय." सर हसले. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी सवयीनं खिडकीबाहेर हात काढला, दारावर ठेवला आणि लगेच आत घेतला. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

त्यानंतर त्यांचे फोन वेगळेच यायला लागले. "चारसाब, टायरचे नट आवळलेत, पण तू एकदा बघून जाशील का?" मी जाऊन पाहिले, उत्तम आवळलेले होते. "चारसाब, कुकरची शिट्टी बसवली, पण नीट बसली की नाही कळत नाही." मला वाटलं, म्हातारपण. सोयीचं होतं तसं वाटणं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवत होतं, पण मी खोकला आल्याचं दाखवत नव्हतो.

मग एका गुरुवारी काकूंचा फोन आला. मी ऑफिसात होतो, समोर एका जहाजाच्या बेअरिंगचे फोटो उघडलेले. काकू कधी ऑफिसात फोन करत नाहीत.

"अरे, हे गाडी विकतायत," त्या म्हणाल्या. "विकतायत कसली, मोडीत काढतायत. महिना झाला, किल्लीला हात लावलेला नाही. म्हणतात, आता माझ्या हाताला कळत नाही, मी रस्त्यावर गाडी काढणं बरोबर नाही. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणतात हात ठणठणीत आहेत. यांना पटत नाही. म्हणतात, मला दोन वाटलं आणि निघाले पाच, दोनदा. ते काय रे दोन आणि पाच? तू होतास ना तिथे?"

मी म्हणालो, "होतो काकू."

"मग समजाव ना त्यांना. तुझं ऐकतात."

त्या दिवशी मी काम केलं नाही. समोरच्या बेअरिंगबद्दल जहाजावरून दोनदा मेल आली, मी उत्तर दिलं नाही. मला पहिल्यांदाच कळलं की मी इंजिन मोडीत काढलं नव्हतं. इंजिन गेलं तर दुसरं येतं, जपानमधून कापून येतं. सरांकडे चाळीस वर्षांत कमावलेली एकच वस्तू होती. वाफेनं भरलेल्या इंजिनरूममध्ये जिथे काही दिसत नाही, तिथे हात लावून ते सांगायचे की हे बेअरिंग तापतंय, तो पंप हवा ओढतोय, आणि ते तसंच निघायचं. हाताचं ते कळणं मी खोटं ठरवलं होतं. माझे शनिवार वाचावेत म्हणून.

रविवारी सकाळी बेडोकला गेलो. बायकोला सगळं सांगून गेलो. ती एवढंच म्हणाली, "जा आणि नीट सांग. मध्येच गुळमुळीत करू नकोस." सर सोफ्यावर पेपर वाचत होते, भिंगातून. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"काय चारसाब, आज न बोलावता?"

मी बसलोसुद्धा नाही. "सर, तिसऱ्या पिनीचं माप पाच नव्हतं. दोनच होतं. मी खोटं सांगितलं."

मी घाईघाईनं सगळं बोलून टाकलं. शनिवारांचा मला कंटाळा आला होता, नाही म्हणायची हिंमत नव्हती, दोन म्हटलं असतं तर अजून तीन महिने गेले असते. दुसऱ्यांदाही मी जाणूनबुजून पाच म्हणालो. लॉरी थांबलीय म्हणालो तेही मुद्दाम. तुमचा हात बरोबर होता. मी चोर आहे, असंही म्हणालो बहुतेक.

मला वाटलं, ते ओरडतील. मला ते हवं होतं. 'नीघ इथून' म्हणाले असते तर मी सुटलो असतो.

सर हसले. अगदी मायेनं हसले.

"काकूनं फोन केला ना तुला?"

"केला, पण त्याचा..."

"कळलं मला. बस." त्यांनी सोफ्यावर जागा करून दिली. "तुझा स्वभाव मला माहीत नाही का? म्हाताऱ्याला उभारी यावी म्हणून स्वतःवर बालंट घेतोयस."

"सर, शपथ घेतो. दोनच होतं."

"मग दोनदा पाच कसं आलं?"

"मी दोनदा खोटं सांगितलं."

"तू?" ते म्हणाले. त्यांनी टीपॉयच्या खालच्या कप्प्यातून वही काढली आणि ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिसरी पिन, पाच, त्यांच्या जाड अक्षरात. "तू सांगितलंस, मी परत बोललो, तू हो म्हणालास. एकदा फोर्थ असताना तू आकडे ठोकून दिले होतेस, आठवतं? त्यानंतर पंचवीस वर्षांत माझ्यासमोर तुझा एक आकडा चुकला नाही. मी लोकांना सांगतो, तो पोरगा म्हणाला ना, मग मशीन बघायची गरज नाही. आणि आता तू म्हणतोस ते धरू, की हे?"

मी म्हणालो, "मी म्हणतो ते धरा."

"नाही रे." ते गंभीर झाले. "मला बरं वाटावं म्हणून आकडा बदलायचा नाही. हे मीच तुला शिकवलंय ना?"

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. क्रँकशाफ्ट कधीच वितळून गेला असेल. उरला होता फक्त माझा शब्द, आणि सर त्या शब्दावर इतका विश्वास ठेवून होते की तो शब्द मी खोटा म्हटला तरी त्यांना पटत नव्हतं. मी दोन-तीनदा पुन्हा सांगून पाहिलं. दरवेळी ते जास्तच मायेनं बघायला लागले. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि आतल्या दिशेनं हाक मारली, "अगं, ऐकलंस का, हा बघ माझ्यासाठी काय काय बोलतोय."

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती रे जीव लावतोस तू." त्यांचे डोळे भरून आले होते. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

चहा घ्यायला आत गेलो तर ओट्यावरचा नळ गळत होता. खाली पातेलं लावलेलं. मी सरांना म्हणालो, "सर, वॉशर गेलाय. पाना काढा, तुम्ही बसवा, मी फक्त धरतो."

"नको. प्लंबरला सांगितलंय, मंगळवारी येतोय."

"वॉशरसाठी प्लंबर? तुम्ही?"

"जास्त आवळला तर आटे जातील," सर म्हणाले. "मला आता नाही कळत किती आवळायचं ते. तू बसव, तुला येतं."

काकूंनी पाना आणि नवा वॉशर आणून दिला. सरांनी तो आठवड्यापूर्वीच आणून ठेवला होता. मी मुख्य नळ बंद केला, जुना वॉशर काढला, नवा घातला, आवळला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, आलास." सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून.